दहा आकड्यांचे साहेब

माधव शिरसीकरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं पुष्कळ मिळतील. ते वेळेवर यायचे, कुणाचा फुकट चहा प्यायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. आमच्या दवाखान्यातून ते गेले तेव्हा निरोप समारंभात सगळ्यांनी हेच सांगितलं म्हणे, आणि शाल घातली. म्हणे अशासाठी, की मी त्या दिवशी रजा टाकली होती. घरी पाहुणे नव्हते, अंगात ताप नव्हता. मला त्या माणसासाठी टाळ्या वाजवायच्या नव्हत्या, एवढंच.

दवाखाना डोळ्यांचा, धर्मादाय, धाराशिवातला. मी तिथं सोळा वर्षं फोनच्या टेबलावर बसते. ऑपरेशनची तारीख कळवायची, तपासणीला बोलवायचं, शिबिर कुठल्या गावी आहे ते सांगायचं. येणारे बहुतेक खेड्यातले आणि वयस्कर. ते मला आपा म्हणतात. डॉक्टर मला 'तांबोळी मॅडम' म्हणतात. शिरसीकर एकटेच मला 'मिसेस तांबोळी' म्हणायचे, आणि तेही फॉर्मवरचा रकाना वाचल्यासारखं.

माणूस तुळजापूरचा. हे मुद्दाम सांगते. लांबच्या शहरातून आलेला कुणी परका असता तर मी म्हटलं असतं, जाऊ द्या, त्या बिचाऱ्याला इथलं काय माहीत. पण ह्यांची शाळा तुळजापुरात, वडील तिथंच कारकून. पुढं पुण्यात पंधरा-वीस वर्षं संगणकाच्या नोकरीत काढली, मग आई एकटी पडली म्हणून परत आले, आणि आमच्या विश्वस्तांनी त्यांना माहिती व्यवस्थापक नेमलं. उंच, काटक, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटी पट्टी. पट्टी कशाला, असं मी एकदा विचारलं. "ओळ सुटता कामा नये," म्हणाले. कुठलाही कागद वाचताना ते ओळीखाली पट्टी धरायचे आणि ती एकेक ओळ खाली सरकवायचे. दोन ओळींची चिठ्ठी असली तरी.

त्यांचा लाडका शब्द 'व्हॅलिड'. रजेचा अर्ज व्हॅलिड आहे का, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख व्हॅलिड आहे का. आमच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांच्या हातात दिली, तर तिच्यावर पट्टी फिरवून म्हणाले, "ह्यात वार आणि तारीख जुळत नाही." खरंच जुळत नव्हती. शिपायाचा चेहरा पडला, पाचशे पत्रिका छापून झालेल्या. साहेब मात्र चूक सापडल्याच्या आनंदात दिवसभर गुणगुणत होते. लग्नाला गेले नाहीत.

पहिल्याच आठवड्यात ते माझ्या टेबलाशी आले आणि रजिस्टर मागितलं. माझं रजिस्टर लांबट, जाड पुठ्ठ्याचं. नाव, गाव, डोळा डावा का उजवा, आणि फोन. फोनच्या रकान्यात नुसता नंबर लिहून आमच्याकडं भागत नाही. घरोघरी मोबाइल आले हे खरं, पण ते कर्त्या मुलांबरोबर पुण्याला जातात, नाहीतर रिचार्ज संपून फडताळात पडतात. त्यामुळं म्हातारी माणसं जो नंबर देतात तो त्यांचा स्वतःचा नसतो. जो नक्की फोन उचलेल आणि चपला घालून निरोप सांगायला जाईल, त्याचा नंबर देतात. त्या नंबराशेजारी मी चार शब्द लिहून ठेवायची. येडशीच्या एका आजोबांपुढं लिहिलं होतं, 'स्टेशनसमोरचा सायकलवाला. गाडीच्या वेळेला लावू नये.' माकणीच्या एका बाईपुढं, 'सुनेचा. आधी तिच्या लेकराची तब्येत विचारावी, मग सासूला बोलावते.'

शिरसीकरांनी हे उभ्याउभ्या मोठ्यानं वाचलं. बाकावर बसलेले पेशंटसुद्धा हसले.

"मिसेस तांबोळी, हे रजिस्टर आहे का कादंबरी?"

"ह्याच्यावर लोक येतात, साहेब."

"दहा म्हणजे दहा. दहा आकडे ठेवायचे. बाकी सगळा कचरा."

दोन महिन्यांत त्यांनी कचरा काढणारं सॉफ्टवेअर तयार केलं. आधी दोन टायपिस्ट बसवून सगळी रजिस्टरं संगणकावर घेतली. मग एकेक नंबर त्या सॉफ्टवेअरमधून जायला लागला. मराठी आकड्यांत लिहिलेला इंग्रजी व्हायचा, पुढचं शून्य गळायचं, मधल्या रेघा, मोकळ्या जागा आणि माझे चार शब्द गळायचे, आणि देशाचा कोड लावून नंबर न्हाऊनमाखून उभा राहायचा. बरोबर असला तर हिरवा, शंका असली तर पिवळा, नाहीतर लाल. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाही बरं वाटलं. माझ्या हातचे एक आणि नऊ सारखेच दिसतात. घाईत नऊच आकडे लिहून घेतले, की पेशंट गेल्यावर कपाळाला हात लावायची पाळी यायची. आता पेशंट समोर असतानाच लाल रंग दिसायचा आणि चूक तिथल्या तिथं निस्तरायची. शहरातल्या लोकांना तारखेचे मेसेज आपोआप जायला लागले. एवढ्यावर साहेब थांबले असते तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

पण एक गोष्ट त्यांना खुपत होती. एकाच नंबरापुढं अनेक नावं. तेरखेड्याच्या एका नंबरावर तर नऊ नावं होती. तो नंबर बब्रुवान गिरणीवाल्याचा. तेरखेडा फटाक्यांचं गाव. फटाक्यांच्या दारूनं डोळा दुखावलेले तिथून आमच्याकडं येतच राहतात, आणि त्यांची सगळी वस्ती दळण घेऊन बब्रुवानकडं जाते. त्यानं गिरणीच्या दारात उभं राहून हाक मारली की निरोप पोचला. त्याच्या नंबरापुढं मी लिहिलं होतं, 'गिरणी चालू असल्यास ऐकू येत नाही. दोनदा लावावा.'

"एक नंबर, एक माणूस," शिरसीकर म्हणाले. "पहिलं नाव ठेवा. बाकी आठ डुप्लिकेट."

"साहेब, ती आठही माणसं ह्याच नंबरावर भेटतात."

"मग तो त्यांचा नंबर नव्हे."

"नंबर त्यांचाच आहे. फोन तेवढा बब्रुवानचा."

त्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "उद्या भलत्याच माणसाला पेशंटच्या आजाराची माहिती गेली, तर जबाबदार कोण? हा प्रश्न व्हॅलिड आहे की नाही?"

होता. त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीला एक नियम तयार असायचा आणि तो ऐकला की आपण उगाच हट्ट करतोय असं वाटायचं. त्यांनी माझ्यासमोर बटण दाबलं. आठ नावांपुढं 'संपर्क उपलब्ध नाही' असं आलं. जुनी रजिस्टरं माळ्यावर टाकायचं ठरलं, आणि ती मी स्वतःच्या हातानं बांधून दिली. हे लिहायला लाज वाटते, पण मी भांडले नाही. पगारवाढीचे दिवस होते.

आता त्यांच्या स्वतःच्या फोनबद्दल. तो टेबलाच्या खणात पालथा पडलेला असायचा, आवाज बंद. ओळखीचा असो की अनोळखी, ते फोन उचलायचेच नाहीत. "आधी मेसेज करावा," म्हणायचे. एका दुपारी दवाखान्याच्या फोनवर एक बाई घाबरीघुबरी बोलली. "तुळजापूरहून शेजारीन बोलतीय. माधवची आई न्हाणीत घसरून पडलीय. त्याला कवाधरनं फोन लावतीय, उचलीतच न्हाय. तेवढं सांगा की वो बाई त्याला!" मी दोन जिने पळत चढले. चपलेचा अंगठा तुटला, ती तिथंच टाकली. शिरसीकर पांढरे पडले, तसेच निघाले. आईचं मनगटाचं हाड मोडलं होतं, पुढं ती बरी झाली.

मला वाटलं, आता ह्या माणसाला कळलं असेल. शेजारणीनं तिसऱ्याच नंबरावर फोन केला आणि चौथ्याच बाईनं धावत निरोप दिला, म्हणून आईजवळ वेळेवर पोचता आलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. मी उठून उभी राहिले.

"मिसेस तांबोळी, काल ज्या बाईंनी फोन केला त्यांची आपल्याकडं नोंद नाही. त्यांना हा नंबर कुणी दिला?"

माझ्या मनातून तो माणूस उतरला तो त्या दिवशी. त्याआधी मी त्यांच्यावर नुसती चिडायची.

तेरखेड्याच्या त्या आठ नावांत एक नाव सोजरबाईचं होतं. फटाक्याच्या नळ्या वळणारी बाई, साठीची. उजवा डोळा तरुणपणीच दारू उडून गेलेला. डाव्या डोळ्याचं बुबुळ पांढरं पडत पडत आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. नेत्रदानातलं बुबुळ मिळालं तर डावा डोळा परत येण्यासारखा होता, म्हणून तिचं नाव यादीत. महिन्याला एकदा शेजारणीचा हात धरून ती एसटीनं यायची, माझ्या टेबलाची कड चाचपायची आणि विचारायची, "आपा, आलं का वं माझं?"

"अजून नाही, मावशी."

"बरं बरं. दुसऱ्या कुनाला तर मिळतंय नव्हं?" आणि खरंच बरं वाटल्यासारखी हसायची. दीड वर्ष तिनं हा प्रश्न विचारला.

मी माकणीच्या शिबिराला गेले होते त्या दिवशी बुबुळ आलं. यादीत पहिलं नाव सोजरबाईचं. तिच्यापुढं 'संपर्क उपलब्ध नाही'. संध्याकाळपर्यंत पेशंट दाखल व्हायला हवा, असा नियम. माझ्या जागी बसलेल्या सिस्टरनं स्क्रीन बघितली आणि पुढच्या नावाला फोन केला. तिचा काय दोष? जे समोर दिसलं ते तिनं केलं. बुबुळ दुसऱ्याला बसलं.

चार दिवसांनी सोजरबाई आली. टेबलाची कड चाचपली. मी यादी उघडली आणि तिच्या नावापुढं वाचलं, 'संपर्क नाही, वगळले.'

"आपा, आलं का वं माझं?"

"अजून नाही, मावशी," मी म्हणाले. दीड वर्षात पहिल्यांदाच ते खोटं होतं.

ती गेल्यावर मी वर शिरसीकरांच्या खोलीत गेले. कसं बोलायचं ह्याचा विचार केला नव्हता. "साहेब, तुमच्यामुळं एक बाई आंधळी राहिली," एवढंच तोंडातून आलं.

त्यांनी यादी छापून घेतली, तिच्यावर पट्टी ठेवली, एकेक ओळ सरकवत तेरखेड्यापर्यंत आले. मग म्हणाले, "सिस्टीमनं नियमाप्रमाणं काम केलंय. आणि आठ नोंदींपैकी ही एकच. बाकी सातांचं काहीच नुकसान झालेलं नाही."

मी आयुष्यात कुणाला शिवी दिलेली नाही. त्या दिवशी ओठावर आली होती.

दारात आमचे मोठे डॉक्टर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते फार बोलत नाहीत. "दोघं तेरखेड्याला जा," म्हणाले. "त्या बाईला काय झालं ते खरं खरं सांगा. माफी मागा. आणि तिचं नाव पुन्हा पहिलं लावा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जीपमधून आम्ही निघालो. येडशी मागं पडली. मग शिरसीकरांनी पिशवीतून एक नवा कोरा बटणांचा मोबाइल काढला. स्वतःच्या पैशांनी घेतलेला, पावती दवाखान्यात लावली नव्हती. हेही सांगायला हवं, नाहीतर मी त्यांच्याच पंगतीत बसेन.

"हा तिला देऊ. तिच्या नावावर सिम काढू. म्हणजे पुढं प्रश्न येणार नाही."

"आणि झालेलं?"

"आधीचं कशाला काढायचं? म्हाताऱ्या बाईला उगाच त्रास."

बब्रुवाननं आम्हाला बघून गिरणी बंद केली, अंगावरचं पीठ झटकलं, पोती अंथरली. "आपा आमच्या गावात! च्या ठिवायला सांगतो." सोजरबाई भिंतीला हात लावत आली. गावातल्याच मोबाइलच्या दुकानात तिच्या आधार कार्डावर सिम निघालं. शिरसीकरांनी फोन तिच्या हातात ठेवला आणि आवाज जरा मोठा करून म्हणाले, "आजी, हा तुमचा नंबर. तुमच्या एकटीचा."

तिनं तो फोन दोन्ही हातांनी चाचपला. "माज्यासाठी? एवढ्या लांबून आलाव? देवमानूस हाय वं आपा ह्यो साहेब." वस्तीतल्या बायका जमल्या होत्या. तिला त्या सगळ्यांना फोन दाखवायचा होता. मी शिरसीकरांकडं बघत राहिले. आता सांगतील, मग सांगतील. ते घड्याळ बघत होते. आणि मी? मलाही जीभ होती. पण रजिस्टरांचा गठ्ठा मीच बांधून दिलेला. ती बाई इतकी खूश होती आणि तिच्या तोंडावरचा आनंद आपण का घालवावा, असं मी मनाला सांगितलं. जीपमध्ये त्यांनी जे मला सांगितलं होतं, तेच मी मला सांगत होते.

परत आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "सांगितलंत?"

"भेट झाली. नंबर अपडेट केला," शिरसीकर म्हणाले. एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टरांनी मान डोलावली आणि ऑपरेशनला गेले.

पुढं सात महिन्यांनी, एका दुपारी, पुन्हा बुबुळ आलं. ह्या वेळी मी टेबलावर होते. सोजरबाईच्या नंबरापुढं हिरवा रंग होता. मी फोन लावला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पाच वेळा लावला. बातमी कळून शिरसीकर खाली आले होते, माझ्या मागं उभे राहून स्क्रीन बघत होते.

"नंबर व्हॅलिड आहे," म्हणाले. "रिंग जातेय."

मी पर्समधून माझा मोबाइल काढला आणि बब्रुवानला लावला. उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला.

"बोला आपा!" मागं गिरणीचा धडधडाट.

"बब्रुवानभाऊ, सोजरमावशीला आत्ताच्या आत्ता घेऊन या. बुबुळ आलंय."

धडधडाट थांबला. पलीकडं त्यानं मारलेली हाक मला फोनवर ऐकू आली. अर्ध्या तासात त्याचाच फोन, काळी-पिवळीत बसलोय म्हणून. मी विचारलं, "मावशीचा फोन कुठंय?"

"त्यो व्हय? माज्याकडं चार्जिंग करून नेती अन् लुगड्यात गुंडाळून पेटीत ठिवती. साहेबांनी दिलेला, खराब व्हईल म्हनून आमालाबी हात लावू देत न्हाय."

शिरसीकर हे ऐकून वर निघून गेले. बब्रुवान दळणाचं पीठ अंगावर घेऊनच सोजरबाईला घेऊन आला, आणि ऑपरेशन झालं.

डोळ्यावरची पट्टी सोडली त्या सकाळी मी औषधाची बाटली धरून उभी होते. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तिनं मोजली. धूसर, पण मोजली. मग माझ्याकडं वळली. "आपा, तू एवढी बारकी हायेस व्हय? आवाजावरनं मला थोराड वाटायचीस." सगळे हसले. मग म्हणाली, "माझं साहेब कुठं हायेत? त्यास्नी बलवा."

शिरसीकर आले. तिनं त्यांचा चेहरा बराच वेळ बघितला. मग हात जोडले.

"साहेब, तुमच्यामुळं ह्यो डोळा आला. तुमी त्या दिशी फोन घिऊन आला नसताव, तर आमच्यासारख्यांचा इचार कोन केला असता? म्या मरंस्तवर तुमचं नाव घेईन."

डॉक्टरांनी चमकून आमच्या दोघांकडं बघितलं. सांगितलेलं नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं. शिरसीकरांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. मला वाटलं, सांगतोय हा माणूस. एकच वाक्य होतं. आजी, हा डोळा तुम्हाला सात महिने आधीच मिळणार होता. मी मनातल्या मनात त्यांना ते म्हणायला लावत होते.

"तुमचा आशीर्वाद असू द्या, आजी," ते म्हणाले आणि डोकं खाली वाकवलं.

तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. नव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, डॉक्टर रडू नका म्हणून ओरडले, पण तिला ऐकू आलं नाही. तिचा हात डोक्यावर असतानाच शिरसीकरांनी सिस्टरला फोटो काढायला सांगितलं. पुढच्या महिन्यात ते मोठ्या पगारावर पुण्याला परत गेले. तो फोटो दवाखान्याच्या जिन्यात लावलाय. सोजरमावशी तपासणीला आली की त्याच्यापुढं थांबते आणि हात जोडते. कडेला, बाटली धरून, मीही त्यात आहे.